५७ टक्क्यांवर ‘अडकलेली’ बिअर: दोन चुकीची वाचनं आणि एक पटणारा आकडा

बॅच साधीच होती. २० लिटर पेल एल, कोरड्या माल्ट अर्कापासून (मोड आणलेल्या धान्यातल्या साखरेची पूड). साहित्य: २.७ किलो फिकट कोरडा माल्ट अर्क, हॉप्स आणि कोरड्या एल यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. वीस लिटर उकळता येईल एवढं पातेलं नव्हतं, म्हणून अर्क थोड्या पाण्यात उकळला. उकळी संपली तेव्हा पातेल्यात ९ लिटर घट्ट वॉर्ट, म्हणजे न आंबलेला गोड द्रव, उरलं होतं. ते फर्मेंटरमध्ये (आंबवणीच्या भांड्यात) ओतून वरून ११ लिटर गार पाणी घातलं, झाकण लावलं आणि तळाजवळच्या तोटीतून नमुना काढून त्यात हायड्रोमीटर, म्हणजे घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी, सोडला. वाचन १.०६१, नमुन्याचं तापमान ३० अंश सेल्सिअस. वहीत नोंद झाली ती फक्त ‘ओजी १.०६१’ (ओजी म्हणजे आंबवणीआधीची घनता). यीस्ट टाकून फर्मेंटर १९ ते २० अंशांवर ठेवला.

बाराव्या दिवशी एअरलॉक (आंबवणीचा वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी झडप) शांत होता, वरचा फेस खाली बसला होता. या वेळी नमुना वाया जाऊ नये म्हणून एका थेंबावर काम करणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरला. वाचन ६.६ ब्रिक्स (१०० ग्रॅम द्रावणात इतके ग्रॅम साखर). तक्त्यात ६.६ ब्रिक्स म्हणजे १.०२६. चौदाव्या आणि सोळाव्या दिवशीही ६.६. निष्कर्ष काढला गेला की आंबवण १.०२६ वर अडकली. ओजी १.०६१ आणि आत्ताचं १.०२६ धरून अल्कोहोल ४.६ टक्के निघत होतं. पाककृतीत ५ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं होतं, त्यामुळे हा आकडा कोणाला खटकला नाही. प्रश्न फक्त ‘अडकलेली’ आंबवण पुन्हा कशी सुरू करायची एवढाच उरला. दोन प्रस्ताव पुढे आले: यीस्टचं दुसरं पाकीट आणि ३०० ग्रॅम साखर टाकून तापमान वाढवायचं, किंवा साडेचार टक्के झालेच आहेत तर आहे तशी बाटल्यांत भरायची.

प्रत्यक्षात ही बिअर पूर्ण आंबलेली होती. ओजी १.०६१ नव्हता आणि एफजीही (आंबवण संपल्यावरची घनता) १.०२६ नव्हता. या दोन चुका कशा पकडल्या आणि खरे आकडे कसे मिळवले, ते पुढे क्रमाने.

४.६ टक्के हा आकडा पटला कसा

घरी बिअर करताना अल्कोहोल थेट मोजलं जात नाही. मोजली जाते घनता, तीही दोनदा, आणि अल्कोहोल त्या दोन वाचनांच्या वजाबाकीतून निघतं. २० अंशांच्या शुद्ध पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.००० धरतात. साखर विरघळली की ते वाढतं. १.०५० म्हणजे बोलीभाषेत ५० पॉइंट. दुसरं एकक प्लेटो: १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम अर्क आहे ते. १.०४० म्हणजे १० अंश प्लेटो, १.०५० म्हणजे १२.४. पटकन बदल करायला हे सूत्र पुरेसं आहे:

प्लेटो = २५९ − (२५९ ÷ विशिष्ट गुरुत्व)

आणि अल्कोहोलसाठी सगळे वापरतात ते:

आकारमानाने अल्कोहोल टक्के = (ओजी − एफजी) × १३१.२५

वहीतल्या आकड्यांनी हे (१.०६१ − १.०२६) × १३१.२५ = ४.६ टक्के. खरे आकडे पुढे १.०५० आणि १.०१२ निघाले. त्यांनी हे (१.०५० − १.०१२) × १३१.२५ = ५.० टक्के. म्हणजे ओजी ११ पॉइंटांनी जास्त धरला गेला, एफजी १४ पॉइंटांनी जास्त धरला गेला, आणि वजाबाकीत फरक उरला अवघा ३ पॉइंटांचा. दोन्ही चुका एकाच दिशेच्या असल्या की वजाबाकी त्यांना झाकून टाकते. म्हणून अल्कोहोलचा आकडा ‘बरोबर वाटतो’ हा वाचनं बरोबर असल्याचा पुरावा कधीच धरू नये.

चूक उघडी पडते ती भागाकारात. ओजीपैकी किती टक्के पॉइंट उतरले, याला दृश्य क्षीणन म्हणतात. वहीप्रमाणे ३५ ÷ ६१ = ५७ टक्के, खऱ्या आकड्यांनी ३८ ÷ ५० = ७६ टक्के. साध्या एल यीस्टने माल्ट अर्काच्या वॉर्टमध्ये ७२ ते ७८ टक्क्यांपर्यंत जावं. ५७ टक्के दिसलं की यीस्टवर संशय घेण्याआधी वाचनांवर घ्यावा, कारण निरोगी यीस्ट एवढ्या वर थांबणं हे चुकीच्या वाचनापेक्षा खूप दुर्मीळ आहे.

ओजी: पिशवीतल्या वजनावरून

अर्काच्या बॅचमध्ये ओजी मोजण्याआधीच माहीत असतो. १ किलो कोरडा माल्ट अर्क १ लिटर द्रावणात सुमारे ३६७ पॉइंट देतो. इथे २.७ × ३६७ = ९९१, भागिले २० लिटर, म्हणजे ४९.५ पॉइंट. ओजी १.०५० च्या आसपासच असला पाहिजे. धान्य भिजवून वॉर्ट काढताना किती साखर निघाली हा प्रश्न असतो, कारण तिथली कार्यक्षमता भांड्यागणिक आणि दळणागणिक बदलते. अर्कात तो प्रश्नच नाही. पिशवीत होतं ते सगळं फर्मेंटरमध्ये गेलं. १.०६१ खरं असायला आकारमान ९९१ ÷ ६१ = १६.२ लिटर हवं होतं. फर्मेंटरच्या बाजूवरच्या खुणा चुकीच्या असू शकतात, म्हणून रिकाम्या फर्मेंटरमध्ये मापाच्या जगने पाणी ओतून २० ची खूण तपासता येते. इथे बिअर आत होती, त्यामुळे तशाच दुसऱ्या फर्मेंटरवर तपासलं. खूण बरोबर निघाली.

मग १.०६१ कुठून आलं? पातेल्यातलं ९ लिटर वॉर्ट ९९१ ÷ ९, म्हणजे सुमारे १.११० चं होतं. एवढ्या जड द्रवावर १.००० चं पाणी ओतलं तर ते आपोआप नीट मिसळत नाही, जड थर खाली राहतो. तोटी तळाशी. पूर्ण मिसळलं असतं तर नमुन्याच्या १०० भागांत ४५ भाग घट्ट वॉर्ट असतं, तोटीपाशी ते ५५ होतं. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, रंग जेमतेम गडद दिसतो, पण हायड्रोमीटरवर तो ११ पॉइंटांचा होतो. नमुना वरून पळीने घेतला असता तर हीच चूक उलट्या बाजूने झाली असती आणि ओजी १.०४० च्याही खाली दिसला असता. बिअरचं यातून काही बिघडत नाही, आंबवण सुरू झाली की वायूच्या हालचालीने सगळं एकजीव होतं. बिघडते ती फक्त नोंद.

तापमानाची दुरुस्ती केली नव्हती, हेही खरं. २० अंशांसाठी आखलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या नमुन्यात साधारण २.५ पॉइंट कमी दाखवतो, कारण गरम द्रव हलका असतो. म्हणजे ही दुरुस्ती १.०६१ ला आणखी वर नेते, १.०५० कडे आणत नाही. दुरुस्ती लावल्यावर आकडा अपेक्षेपासून आणखी दूर जात असेल तर दोष तापमानाचा नाही, हे तिथेच कळतं. जाता जाता: ४० अंशांना ही दुरुस्ती ६ पॉइंटांच्या घरात जाते, ६० अंशांना १५ च्या जवळ. तक्ते असले तरी ३० च्या वर वाचन घेऊच नये. नमुन्याचं उभं भांडं गार पाण्यात पाच-दहा मिनिटं धरलं की काम होतं.

हायड्रोमीटरची परीक्षा

पुढचं सगळं हायड्रोमीटरवर अवलंबून होतं, म्हणून आधी त्याची परीक्षा घेतली. २० अंशांच्या डिस्टिल्ड पाण्यात त्याने १.००० ऐवजी १.००२ दाखवलं. स्वस्त हायड्रोमीटरमध्ये मापाची कागदी पट्टी काचेच्या नळीत नुसती चिकटवलेली असते, ती थोडी सरकलेली असू शकते. पण पाण्यातला एकच बिंदू पुरेसा नाही. दुसरा बिंदू साखरेच्या द्रावणाचा घ्यावा: २० ग्रॅम साधी साखर, १८० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. हे १० टक्क्यांचं द्रावण, २० अंशांवर बरोबर १.०४०. हायड्रोमीटरने १.०४२ दाखवलं. दोन्हीकडे चूक तेवढीच, म्हणजे पट्टी सरकलेली आहे आणि प्रत्येक वाचनातून २ पॉइंट वजा केले की काम भागतं. दोन्हीकडची चूक वेगवेगळी निघाली तर तो हायड्रोमीटर दुरुस्ती लावून वापरण्यात अर्थ नाही, बदलावा.

अशी स्थिर चूक एक गंमतशीर वागणूक दाखवते. ओजी आणि एफजी दोन्ही त्याच हायड्रोमीटरने घेतले तर वजाबाकीत ती पूर्ण जाते आणि अल्कोहोलचा आकडा बरोबर येतो. पण या बॅचमध्ये ओजी एका उपकरणाने आणि एफजी दुसऱ्याने घेतला होता. मग ती चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते.

वाचनाची पद्धत थोडक्यात. भांड्याचा व्यास एवढा हवा की हायड्रोमीटर कडेला घासणार नाही. तो सोडताना बोटांनी हलकेच फिरवावा, म्हणजे अंगाला चिकटलेले बुडबुडे सुटतात. डोळा द्रवाच्या पातळीत आणून सपाट पृष्ठभागाच्या रेषेत वाचावं. दांड्याभोवती द्रव जिथे वर चढलेला दिसतो तिथे नाही. तसं वाचलं तर एक ते दोन पॉइंटांचा फरक पडतो. दांड्यावर वाळलेली बिअर राहिली तर वजन वाढून तो जास्त बुडतो आणि कमी दाखवतो, म्हणून प्रत्येक वेळी धुऊन, पुसून ठेवावा. आणि नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नये, १५० मिलिलिटर बिअर वाचवण्यासाठी अख्खी बॅच आंबट होण्याचा धोका घेणं योग्य नाही.

रिफ्रॅक्टोमीटरने १.०२६ का दाखवलं

रिफ्रॅक्टोमीटर घनता मोजत नाही, प्रकाश किती वाकतो ते मोजतो आणि ते साखरेच्या ब्रिक्समध्ये सांगतो. द्रवात फक्त पाणी आणि साखर असेपर्यंत हे चालतं. आंबवण सुरू झाली की अल्कोहोल येतं. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, इथेनॉलचा सुमारे १.३६१. म्हणजे अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असूनही प्रकाश जास्त वाकवतं. या एकाच वाक्यात सगळं प्रकरण आहे. अल्कोहोलमुळे हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि खऱ्यापेक्षा कमी अर्क दाखवतो, रिफ्रॅक्टोमीटर मात्र त्याच अल्कोहोलला साखर समजून जास्त दाखवतो. या बिअरमध्ये हायड्रोमीटरचा अर्क ३.१ अंश प्लेटो, रिफ्रॅक्टोमीटरचा ६.६ ब्रिक्स आणि प्रत्यक्षात उरलेला अर्क या दोहोंच्या मध्ये, सुमारे ४.८. म्हणून ६.६ ब्रिक्स थेट तक्त्यात घालून १.०२६ काढणं हे आंबलेल्या बिअरला कधीच लागू होत नाही. दोन मापं दाखवणाऱ्या स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरवर शेजारी विशिष्ट गुरुत्वाचीही पट्टी असते, तिचा उपयोग करू नये. ती बऱ्याच उपकरणांवर कच्च्या वॉर्टसाठीही चुकीची छापलेली असते. ब्रिक्सच वाचावं, बाकी गणित कागदावर.

गणितात दोन पायऱ्या आहेत. पहिली, वॉर्टमध्ये निव्वळ साखर नसते, माल्टोज, डेक्स्ट्रिन, प्रथिनं असतात, म्हणून ब्रिक्सला एका गुणकाने भागून प्लेटो काढतात. हा गुणक सहसा १.०४ च्या आसपास असतो, पण अंदाजाने घेण्यापेक्षा काढून बघणं सोपं आहे. त्याच पिशवीतला २५ ग्रॅम अर्क १७५ ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून २० अंशांवर आणला. हायड्रोमीटर १.०५०, त्यातून २ पॉइंट वजा, १.०४८, म्हणजे ११.९ प्लेटो. रिफ्रॅक्टोमीटर १२.४ ब्रिक्स. १२.४ ÷ ११.९ = १.०४. (याच छोट्या प्रयोगाने ३६७ पॉइंटांचा आकडाही पडताळला गेला: २०० ग्रॅम द्रावण भागिले १.०४८ म्हणजे १९१ मिलिलिटर, त्यात २५ ग्रॅम अर्क, हिशोबाने ४८ पॉइंट.)

दुसरी पायरी आंबलेल्या बिअरची. घरी बिअर करणाऱ्यांत एक सरळ सूत्र रूढ आहे:

एफजी = १ − ०.०००८५६८ × (सुरुवातीचा प्लेटो) + ०.००३४९४ × (आत्ताचं ब्रिक्स ÷ गुणक)

इथे सुरुवातीचा प्लेटो १२.४ (ओजी १.०५०), आत्ताचं ६.६ ÷ १.०४ = ६.३५. एफजी = १ − ०.०१०६ + ०.०२२२ = १.०११६. अडकलेली बिअर गणितातच १४ पॉइंट खाली उतरली.

रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन घेताना दोन गोष्टी पाळाव्यात. थेंब टाकल्यावर तीसेक सेकंद थांबावं, काचेचं आणि थेंबाचं तापमान एक होऊ द्यावं. ‘एटीसी’ (आपोआप तापमान-दुरुस्ती) लिहिलेलं असलं तरी ती दुरुस्ती प्रिझमच्या तापमानाची असते. उकळत्या वॉर्टचा थेंब काचेवर पोचेपर्यंत त्यातलं पाणी उडतं आणि वाचन वर जातं. आणि थेंबात यीस्टचा गढूळपणा असेल तर रेषा धूसर दिसते, तेव्हा नमुना तासभर फ्रिजमध्ये ठेवून वरचा निवळ भाग घ्यावा.

हायड्रोमीटरने एफजी

सूत्राचं उत्तर मान्य करण्याआधी २०० मिलिलिटर बिअर काढून हायड्रोमीटरने मोजली. तोटीतून काढताच वाचन १.०१७ आलं. इथेही फसायला जागा आहे: बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने हायड्रोमीटरला चिकटतो आणि त्याला वर उचलतो. बिअर दोन पेल्यांमध्ये वीस-पंचवीस वेळा उंचावरून ओतली, फेस बसू दिला, मग कॉफी गाळायच्या कागदातून गाळली आणि २० अंशांवर आणली. आता १.०१४ आणि दहा मिनिटांनी पुन्हा १.०१४. २ पॉइंट वजा, १.०१२. सूत्राने १.०११६ सांगितलं होतं. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी उपकरणं एकमेकांशी जुळली, तेव्हा एफजीचा प्रश्न मिटला.

हे दोन आकडे हातात असले की ओजी उलट दिशेनेही काढता येतो. वरच्या सूत्रात एफजी १.०१२ आणि ६.३५ घातले तर सुरुवातीचा प्लेटो ११.९ येतो, म्हणजे ओजी १.०४८. वजनावरून काढलेल्या १.०५० शी हे जुळतं, १.०६१ शी जुळत नाही. पण या उलट्या हिशोबावर फार भार टाकू नये. हायड्रोमीटरच्या वाचनात १ पॉइंटचा फरक पडला तर निघणारा ओजी जवळपास ५ पॉइंटांनी हलतो. साक्षीदार म्हणून चांगला, निकाल म्हणून नाही.

थांबली, पण संपली का?

तीन वाचनं सारखी आली म्हणजे आंबवण थांबली, एवढं नक्की. रिफ्रॅक्टोमीटरचा कच्चा आकडाही त्यासाठी चालतो, कारण तिथे फक्त बदल होतोय का ते बघायचं असतं. पण थांबली म्हणजे संपली असं नाही. थंडीने किंवा यीस्ट तळाशी बसल्याने साखर उरूनही आंबवण थांबू शकते. यासाठी सक्तीच्या आंबवणीची चाचणी करतात आणि ‘अडकली’ म्हणण्यापूर्वी ती प्रत्येकाने करावी असं आमचं ठाम मत आहे. २५० मिलिलिटर बिअर निर्जंतुक बाटलीत घेतली, त्यात २ ग्रॅम ताजं कोरडं यीस्ट टाकलं, तोंडावर फॉइल सैल लावली आणि २५ अंशांवर ठेवून दिवसातून चार-पाच वेळा हलवली. तीन दिवसांनी वायू काढून मोजली: १.०१३५, दुरुस्त १.०११५. अर्धा पॉइंट म्हणजे वाचनाची चूक. भरपूर यीस्ट, ऊब आणि हालचाल मिळूनही बिअर खाली गेली नाही, म्हणजे आंबवण्याजोगी साखर उरलेलीच नाही. हेच वाचन १.००८ वर उतरलं असतं तर मुख्य फर्मेंटर उबदार करून तळाचं यीस्ट हळूच ढवळायला कारण होतं.

मग दोन्ही प्रस्तावांचं काय? यीस्टच्या दुसऱ्या पाकिटाने काहीच झालं नसतं. ३०० ग्रॅम साखरेने मात्र आंबवण ‘पुन्हा सुरू’ झाल्यासारखी दिसली असती, एअरलॉक बोलला असता, आणि बिअरमध्ये सुमारे १ टक्का जादा अल्कोहोल आणि पातळ चव आली असती. उपाय लागू पडला असा समज होऊन चुकीचं निदान पक्कं झालं असतं, हा त्यातला मोठा तोटा.

आहे तशी बाटल्यांत भरायचा प्रस्ताव या वेळी सुदैवाने निरुपद्रवी ठरला असता. पण १.०२६ खरं मानून तो मांडला गेला, हे गंभीर आहे. बाटलीत आंबणारा प्रत्येक पॉइंट साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार करतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा वायू). १.०२६ वर खरोखर थांबलेली बिअर बाटलीत जागी होऊन १.०१२ पर्यंत गेली तर ७ व्हॉल्यूम वायू, शिवाय फेसासाठी घातलेल्या साखरेचा वेगळा. साध्या काचेच्या बाटल्या ३ व्हॉल्यूमच्या आसपासच्या दाबासाठी असतात. अशा बाटल्या फुटतात आणि काच दूरवर उडते. आपल्याला १.०२६ खरं वाटत असेल तर बाटल्या भरायच्याच नाहीत.

अल्कोहोलची स्वतंत्र तपासणी

ओजी मोजलेला नव्हता, हिशोबाने काढलेला होता. त्यामुळे ५.० टक्क्यांना ओजीवर न टेकणारा आधार हवा होता. यासाठी अनेक जण अल्कोहोलमीटर आणतात आणि बिअरमध्ये सोडतात. तो फक्त पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणासाठी आखलेला असतो. बिअरमधल्या उरलेल्या अर्कामुळे तो शून्याच्याही वर तरंगतो आणि काहीच सांगत नाही. काम करते ती उकळून काढायची पद्धत.

वायू काढलेली २५० मिलिलिटर बिअर २० अंशांवर मोजून घेतली, घनता नोंदली: कच्चं वाचन १.०१४. ती सगळी पातेलीत ओतून, मापाचं भांडं थोड्या डिस्टिल्ड पाण्याने विसळून तेही त्यातच घातलं. खिडकी उघडी ठेवून मंद आचेवर निम्म्याहून थोडी कमी होईपर्यंत उकळली. करपू दिली नाही, उतू जाऊ दिली नाही, कारण सांडलेला प्रत्येक थेंब अर्क घेऊन जातो. गार झाल्यावर त्याच भांड्यात परत ओतून डिस्टिल्ड पाण्याने बरोबर २५० पर्यंत भरली, २० अंशांवर आणली आणि पुन्हा मोजली: १.०२१. अल्कोहोल गेलं, अर्क तेवढाच, आकारमान तेवढंच. फरक ७ पॉइंट. ५ टक्के अल्कोहोल पाण्याचं विशिष्ट गुरुत्व साधारण ७ पॉइंटांनी खाली आणतं, म्हणजे अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही वाचनं एकाच हायड्रोमीटरची असल्याने त्याची २ पॉइंटांची चूक इथे आपोआप वजा झाली.

या पद्धतीची मर्यादा सरळ आहे: १ पॉइंट म्हणजे ०.७ टक्के अल्कोहोल. १.००० ते १.१२० एवढी लांब पट्टी असलेल्या हायड्रोमीटरवर यापेक्षा बारीक वाचता येत नाही. ०.९९० ते १.०२० एवढीच पट्टी असलेला, अर्ध्या पॉइंटाच्या खुणांचा हायड्रोमीटर मिळाला तर ही चाचणी खरी उपयोगी होते.

हिशोबाची तिसरी बाजू कार्ल बालिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणाची. खरा उरलेला अर्क = ०.१८०८ × १२.४ + ०.८१९२ × ३.१ = ४.८ प्लेटोच्या जवळ. वजनाने अल्कोहोल = (१२.४ − ४.८) ÷ (२.०६६५ − ०.०१०६६५ × १२.४) = ३.९ टक्के. ते १.०१२ ने गुणून ०.७९४ ने भागलं की आकारमानाने ५.० टक्के. १३१.२५ च्या सोप्या सूत्राशी इथे काही फरक पडत नाही. तो पडू लागतो ओजी १.०७० च्या वर गेल्यावर, तेव्हा लांब सूत्र वापरावं.

बाटल्या आणि शेवटची नोंद

गाळ सोडून १९ लिटर बिअर भरायची होती, २.४ व्हॉल्यूम फेसासाठी. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये ०.८६ व्हॉल्यूम आधीच असतो, उरलेले १.५४. एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरला १.९६ ग्रॅम वायू आणि १ ग्रॅम साध्या साखरेपासून ०.५१ ग्रॅम वायू मिळतो, म्हणून लिटरला ५.९ ग्रॅम, एकूण ११२ ग्रॅम साखर. ती थोड्या पाण्यात उकळून, बाटल्या भरण्याआधी बिअरमध्ये नीट मिसळली. या साखरेचं अल्कोहोल ०.३ ते ०.४ टक्के, ते बहुतेक जण विसरतात. लेबलवर ५.३ टक्के लिहिलं.

वहीतली नोंद आता अशी झाली: ‘ओजी १.०५०, वजनावरून, २० लि.; तोटीतलं १.०६१ न मिसळलेलं, रद्द. एफजी १.०१२, हायड्रोमीटर, २० अंश, वायू काढून, −२ दुरुस्तीसह. रिफ्रॅक्टोमीटर ६.६ ब्रिक्स, गुणक १.०४.’ पाणी वरून घालायच्या पुढच्या बॅचसाठी सूचनाही तिथेच: पाणी घातल्यावर निर्जंतुक चमच्याने तळापासून चार मिनिटं ढवळणं, मग एक नमुना वरून आणि एक तोटीतून, दोन्हींत १ पॉइंटापेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा ढवळणं, आणि त्याच वेळी रिफ्रॅक्टोमीटरचं ब्रिक्सही टिपून ठेवणं, कारण आंबल्यावरच्या सूत्राला सुरुवातीचं ब्रिक्स लागतंच.